एक पाय आखूड, खुबा आखडलेला आणि कंबरदुखी: मूळ नेमके कुठे शोधावे?

पाऊलखूण

सर्वांस नमस्कार. बराच वेळ उभे राहिले की माझ्या कमरेच्या उजव्या बाजूला, मणक्याला लागूनच, दुखू लागते. डावा खुबा तर पुढच्या बाजूने इतका आखडतो की खुर्चीतून उठल्यावर पहिली काही पावले अवघडूनच टाकावी लागतात. एका ठिकाणी मला पाठीवर झोपवून, दोन्ही टाचा एकमेकींशी जुळवून, उजवा पाय सुमारे 1 सेंटिमीटर आखूड असल्याचे सांगण्यात आले आणि बुटात टाचेखाली घालायला पॅड देण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी उभे करून तपासले, तेव्हा पाय जवळजवळ सारखेच असून उजवी बाजू कमरेतून वर ओढली गेली आहे, असे सांगण्यात आले. पॅड घातल्यापासून कधी बरे वाटते, तर कधी उजव्या कुशीपर्यंत कळ जाते.

हा फरक हाडाचा आहे, खुब्याचा आहे की पाठीचा, हे ओळखण्याची खात्रीची रीत कोणती? आणि तो ओळखेपर्यंत पॅड वापरावे की काढून ठेवावे? ज्यांनी हे स्वतः अनुभवले आहे किंवा ज्यांचा हा अभ्यासाचा विषय आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सांधेजोड

पाऊलखूण ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष न पाहता निदान करणे योग्य नाही, म्हणून फक्त तपासणीचा क्रम लिहितो.

पायांच्या लांबीतला फरक दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात मांडीचे किंवा नडगीचे हाडच खरोखर आखूड असते. दुसऱ्या प्रकारात हाडे सारखीच असतात; मात्र खुबा, गुडघा, पाऊल किंवा कंबर यांपैकी काहीतरी आखडल्यामुळे किंवा कलल्यामुळे एक पाय आखूड दिसतो. झोपवून टाचा जुळवण्याच्या पद्धतीत हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात. कमरेचा एका बाजूचा स्नायू आखडून कटीचे हाड, म्हणजे दोन्ही खुबे ज्याला जोडलेले असतात ते हाड, बरगड्यांकडे ओढले गेले, तर त्या बाजूची टाच वर सरकते आणि पाय आखूड भासतो. त्याच माणसाला उभे केले की तो फरक नाहीसा होऊ शकतो. खुबा आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे ओढलेला असेल तर पाय आखूड भासतो आणि बाहेरच्या बाजूला आखडलेला असेल तर लांब भासतो. आपल्याला दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली, यात म्हणूनच मला नवल वाटत नाही. दोन्ही तपासण्या प्रामाणिक असू शकतात, पण त्यांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत.

खरी लांबी मोजताना कटीच्या हाडाचे पुढचे टोक, म्हणजे कमरेखाली हात फिरवला की दोन्ही बाजूंना हाताला लागणारा उंचवटा, तिथून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप धरतात. भासमान लांबी मोजताना बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंत मोजतात. पहिले माप दोन्ही पायांचे सारखे आणि दुसरे वेगळे आले, तर कटी कललेली आहे असे समजावे. मात्र टेपच्या मापात काही मिलिमीटरांची चूक सहज होते. उंचवटा कुठे सुरू होतो हे बोटाने ठरवायचे असते, आणि मांड्यांची जाडी वेगळी असेल तर टेप वेगळ्या मार्गाने जातो. म्हणून मी उभे करून, पावलांखाली ठराविक जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून तपासणे अधिक पसंत करतो. आखूड वाटणाऱ्या पायाखाली एकेक पट्टी वाढवत जायची आणि मागून दोन्ही बाजूंच्या कटीच्या कडा समपातळीत आल्या की थांबायचे. पट्ट्यांची एकूण जाडी हेच त्या फरकाचे माप. या वेळी गुडघे पूर्ण सरळ आहेत ना आणि एक पाऊल आतल्या बाजूला चपटे पडलेले नाही ना, हे पाहिलेच पाहिजे, कारण तळव्याची कमान खचली तरी पाय काही मिलिमीटरांनी आखूड होतो.

मोठा निर्णय घ्यायचा असेल, तर उभ्याने काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा पूर्ण एक्स-रे लागतो. 

हेमांगी_व

मी खऱ्या फरकासह जगणारी व्यक्ती आहे, म्हणून लिहिते. किशोरवयात गुडघ्याजवळ, हाडाच्या वाढीच्या चकतीतूनच, म्हणजे वाढत्या वयात हाड जिथून लांब होते त्या भागातूनच, फ्रॅक्चर झाले आणि त्या पायाची वाढ लवकर थांबली. आता फरक 3 सेंटिमीटरांच्या आसपास आहे. पॅड आणि उंच तळ यांतला फरक फार कमी जण समजावून सांगतात, म्हणून तो मुद्दाम सांगते. बुटाच्या आत टाचेखाली साधारण 1 सेंटिमीटरपर्यंतच उंची घालता येते. त्याहून जास्त घातली की टाच बुटाबाहेर निसटते, पाऊल पुढे घसरते आणि घोटा अस्थिर होतो. माझ्या बुटाला बाहेरून तळाला थर चढवलेला आहे. तो टाचेपासून चवड्यापर्यंत सलग आहे आणि बोटांच्या पुढे निमुळता केलेला आहे, म्हणजे पाऊल उचलताना टोक अडत नाही. फक्त टाच उंच केली असती, तर पोटरीचा स्नायू कायम आखडलेल्या स्थितीत राहिला असता. शिवाय पूर्ण फरक भरून काढलेला नाही. सुरुवात थोड्या उंचीने केली, शरीर रुळले तशी ती वाढवली आणि जिथे चालणे सहज झाले तिथे थांबलो.

माझी पाठ आज बरी आहे. याचे निम्मे श्रेय मी बुटाला देईन आणि निम्मे खुब्याच्या बाजूच्या स्नायूंच्या व्यायामाला.

धावपट

मला एक शंका आहे. मी नियमित धावतो आणि माझ्या पायांत 6 मिलिमीटरांचा फरक असल्याचे एक्स-रेमध्ये दिसले आहे. काही सहधावक म्हणतात की धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, त्यामुळे एवढ्या फरकासाठीही पॅड हवेच. दुसरीकडे उसेन बोल्ट यांना स्कोलिओसिस, म्हणजे पाठीच्या कण्याची वक्रता आहे आणि त्यांचा उजवा पाय सुमारे अर्धा इंच आखूड असल्याचे प्रसिद्ध झालेले आहे. तरीही 2009 मध्ये बर्लिनला त्यांनी 100 मीटर अंतर 9.58 सेकंदांत पार केले. मग फरक नेमका किती झाला की त्याची काळजी करायची?

मज्जारज्जू

धावपट, या प्रश्नावर वैद्यकशास्त्रात बरीच वर्षे मतभेद आहेत आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. फिनलंडमधील फ्रीबर्ग यांनी 1983 मध्ये उभ्याने काढलेल्या एक्स-रेंच्या आधारे असे मांडले की कंबरदुखी असलेल्यांमध्ये पायांतला फरक अधिक आढळतो आणि पॅडने पुष्कळांना आराम मिळतो. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे 1984 मध्ये, ग्रंडी आणि रॉबर्ट्स यांनी कंबरदुखी असलेल्या आणि नसलेल्या लोकांची तुलना केली, तेव्हा त्यांना असा संबंध आढळला नाही. नटसन यांनी 2005 मध्ये तोवरच्या एक्स-रेवर आधारित अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार सुमारे 90 टक्के लोकांच्या पायांत काही ना काही फरक असतोच, त्याची सरासरी 5.2 मिलिमीटर भरते आणि साधारण 20 मिलिमीटरांपर्यंतचा फरक बहुतेकांना त्रासदायक ठरत नाही. तेव्हा तुमचे 6 मिलिमीटर ही अगदी सर्वसाधारण माणसाची स्थिती आहे.

याला एक अपवाद मी महत्त्वाचा मानतो. हार्वी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 50 ते 79 वयाच्या 3 हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात 1 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक फरक असणाऱ्यांच्या आखूड पायाच्या गुडघ्यात झीज अधिक दिसली. म्हणून 1 ते 2 सेंटिमीटरांच्या पट्ट्यातला फरक सरसकट झटकून टाकणे मला पटत नाही. तिथे माणूस पाहावा, त्याचे वय, काम, गुडघे पाहावेत आणि मग ठरवावे. फरक लहानपणापासूनचा असेल, तर शरीर त्याच्याशी जुळवून घेतच वाढलेले असते. तोच फरक प्रौढपणी अपघाताने किंवा शस्त्रक्रियेने अचानक आला, तर कमी मिलिमीटरांतही त्रास होतो.

धावण्याबाबत एवढेच सांगेन की मध्ये फुगीर आणि कडेला उतरता असलेल्या रस्त्यावर सतत एकाच बाजूने धावलात, तर एक पाऊल रोज खाली पडते. पॅडचा विचार करण्याआधी बाजू बदलून पाहा.

पाऊलखूण

सांधेजोड आणि मज्जारज्जू, आपले मनापासून आभार. माझी पट्ट्यांची तपासणी करून घेतली. उजव्या पायाखाली जेमतेम 3 मिलिमीटरांची पट्टी ठेवली आणि कटी समपातळीत आली. म्हणजे सांगितलेल्या 1 सेंटिमीटरपैकी बहुतांश भाग हाडाचा नाही. तपासणाऱ्यांनी मला खाटेच्या कडेवर बसवून, मागे झोपवून, उजवा गुडघा छातीशी धरायला लावला, तेव्हा डावी मांडी खाटेला न टेकता अधांतरी राहिली. डाव्या खुब्याचा पुढचा भाग आखडला आहे, एवढे त्यावरून सांगितले.

मी खुबा ताणण्याचे व्यायाम करते, पण एक गुडघा जमिनीवर टेकून पुढे झुकले की ताण मांडीच्या पुढच्या भागात जाणवण्याऐवजी कमरेतच चमक येते. असे का होते?

सांधेजोड

आपण सांगितलेली मांडीची तपासणी ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ओळखली जाते आणि एकोणिसाव्या शतकापासून ती वापरात आहे. तिचे मर्म असे, की एक गुडघा छातीशी धरल्याने पाठ खाटेला टेकते आणि कमरेची कमान वाढवून खुब्याचे आखडलेपण लपवण्याची शरीराची सोय बंद होते. आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

खुब्याला पुढून वाकवणारा मुख्य स्नायू म्हणजे सोआस. तो कमरेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघतो, कटीतून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्याला जाऊन मिळतो. म्हणजे त्याचे वरचे टोक कंबरेत आणि खालचे मांडीत आहे. आपण पुढे झुकता, तेव्हा खुबा मागे उघडायला हवा; पण तो आखडलेला असल्यामुळे कंबर स्वतःच पुढे कमानीसारखी वाकते, मांडी मागे गेल्यासारखी दिसते आणि स्नायू मात्र ताणलाच जात नाही. सगळा भार मणक्यांमागच्या लहान सांध्यांवर पडतो आणि चमक तिथेच येते.

यावरचा उपाय असा. डावा गुडघा जमिनीवर घडी घातलेल्या चादरीवर टेकवा आणि उजवा पाय पुढे काटकोनात ठेवा. पुढे झुकण्याच्या आधी डाव्या बाजूचा नितंब घट्ट आवळा आणि ओटीपोटाचा खालचा भाग किंचित वर उचलल्यासारखा करा, म्हणजे कमरेची कमान सपाट होईल. पुष्कळांना एवढ्यानेच डाव्या मांडीच्या वरच्या भागात ताण जाणवतो, पुढे जायची गरजही पडत नाही. जाणवला नाही तर बोट-दोन बोटे पुढे सरका. साधारण 30 सेकंद थांबा, श्वास रोखू नका. ही कृती दोन-तीन वेळा केली तरी पुरते. कमरेत चमक आली की नितंबाची पकड सुटली आहे असे समजून मागे या आणि पुन्हा सुरुवात करा.

केवळ ताणण्यावर मात्र थांबू नये, असे माझे ठाम मत आहे. खुबा आखडल्याची जाणीव पुष्कळदा स्नायू दुर्बळ असल्यामुळे किंवा शरीर सांध्याला जपत असल्यामुळे होते. अशा खुब्याला कितीही ताणले तरी तासाभरात तो पुन्हा तसाच होतो. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय किंचित मागे ठेवून उचलणे आणि कोपरावर भार देऊन शरीराची बाजू सरळ पेलून धरणे, हे तीन व्यायाम खुब्यामागचे आणि बाजूचे स्नायू बळकट करतात. एका पायावर उभे राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कटी खाली पडू न देण्याचे काम याच बाजूच्या स्नायूंचे आहे. ते थकले की कमरेचा वरचा स्नायू ते काम अंगावर घेतो आणि दुखू लागतो. आपले उजव्या बाजूचे दुखणे असेच असण्याची शक्यता मला अधिक वाटते, पण ते तपासणाऱ्यांनीच ठरवावे.

मज्जारज्जू

सांधेजोड यांच्या लेखनात एक भर घालतो. प्रत्येक आखडलेला खुबा स्नायूमुळेच आखडतो असे नाही. गुडघा छातीकडे घेऊन आत वळवला की जांघेत नेमके एका बिंदूवर टोचते, किंवा बसल्या जागी पाऊल बाहेर नेण्याची हालचाल दुसऱ्या बाजूच्या तुलनेत स्पष्ट कमी आहे, असे असेल तर सांध्यातच अडथळा असू शकतो. तरुण वयात हाडावर हाड घासण्याचा प्रकार आढळतो, उतारवयात सांध्याची झीज आढळते. अशा खुब्याला जोर लावून ताणणे अपायकारक ठरते, कारण तिथे स्नायू नव्हे तर हाड आडवे येते.

तसेच चाळिशीच्या आत सुरू झालेली, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ ताठरपणा असलेली, विश्रांतीने न थांबता हालचालीने कमी होणारी कंबरदुखी असेल, तर पायांची लांबी मोजत न बसता संधिवाततज्ज्ञांकडे जावे.

कुंपण_दोन

माझी मुलगी 12 वर्षांची आहे. तिच्या झग्याची किनार एका बाजूला खाली येते आणि एक खांदा वर दिसतो. घरात सगळे म्हणतात की वाढीच्या वयात असे होतेच. थांबावे की दाखवावे?

मज्जारज्जू

कृपया दाखवा, आणि थोडे लवकर दाखवा. घरी एवढे करून पाहा: तिला स्टुलावर बसवून पाठ मागून पाहा. वक्रता पायांतल्या फरकामुळे आली असेल, तर बसल्यावर कटी समपातळीत येते आणि कणा सरळ दिसतो. बसल्यावरही वक्रता राहिली, किंवा पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंचवट्यासारखी वर आली, तर तो कण्याचा स्वतंत्र प्रश्न असू शकतो. पाठीवर झोपवून गुडघे वाकवून पावले शेजारी-शेजारी ठेवली की गुडघ्यांची उंचीही पाहता येते. एक गुडघा खाली असेल तर त्या बाजूची नडगी आखूड. बाजूने पाहिल्यावर एक गुडघा मागे असेल तर त्या बाजूची मांडी आखूड.

लवकर दाखवायला सांगण्याचे कारण असे, की या वयात जे उपाय शक्य असतात ते वाढ संपल्यावर राहत नाहीत. मांडीच्या हाडाची गुडघ्याजवळची चकती वर्षाला साधारण 9 मिलिमीटर आणि नडगीची वरची चकती साधारण 6 मिलिमीटर वाढ देते. मुलींची वाढ ढोबळमानाने 14 व्या आणि मुलांची 16 व्या वर्षापर्यंत चालते. फरक 2 ते 5 सेंटिमीटर होणार असे दिसले, तर लांब पायाच्या चकतीची वाढ योग्य वेळी लहान शस्त्रक्रियेने थांबवून आखूड पायाला त्याची लांबी गाठू देता येते. ती वेळ निघून गेली आणि फरक मोठा असला, तर हाड लांब करण्याची शस्त्रक्रिया उरते. सोव्हिएत शल्यविशारद गावरील इलिझारोव्ह यांनी कुर्गान येथे विकसित केलेल्या पद्धतीत हाड कापून त्याची टोके रोज 1 मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत, दूर नेली जातात आणि मधल्या जागेत नवे हाड तयार होते. परिणाम चांगला मिळतो, पण मार्ग दीर्घ आणि कष्टाचा आहे. बहुतेक मुलांना यांतले काहीही लागत नाही. तरीही एकदा मोजून, दर काही महिन्यांनी पुन्हा पाहत राहणे आवश्यक आहे.

हेमांगी_व

कुंपण_दोन, मी आईच्या बाजूने नव्हे, तर त्या मुलीच्या बाजूने लिहिते. तिला सरळ उभे राहा असे वारंवार सांगू नका. पाय आखूड असेल, तर सरळ उभे राहणे तिच्या हाती नसते, आणि ते ऐकून ती लांब पायाचा गुडघा वाकवून उभी राहायला शिकते. मीही तशीच उभी राहत असे.

सायंतारा

माझ्या वडिलांची खुब्याची सांधेबदल शस्त्रक्रिया नुकतीच झाली असून त्यांना तो पाय लांब झाल्यासारखा वाटतो. दुसऱ्या बुटात पॅड घालावे का?

सांधेजोड

सायंतारा, सध्या घालू नये, असे सुचवेन. शस्त्रक्रियेपूर्वी अनेक वर्षे आखडलेले स्नायू नव्या सांध्यावर ताणले जातात, कटी त्या बाजूला कलते आणि पाय लांब भासतो. बहुतेकांमध्ये ही जाणीव काही महिन्यांत ओसरते. घाईने पॅड घातले, तर कललेली कटी तशीच पक्की होते. शल्यविशारदांना मात्र हे अवश्य सांगा; एक्स-रेवर खरा फरक किती आहे, हे ते पाहू शकतील.

धाग्यावरील सर्वांसाठी एक गोष्ट लिहिणे मी कर्तव्य समजतो. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता आली किंवा पायातली शक्ती कमी होत चालली, तर त्याच दिवशी तातडीच्या विभागात जावे. ताप, विनाकारण घटणारे वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तरीही व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पाऊलखूण

नितंब आवळून ताणण्याची रीत करून पाहिली आणि कमरेतली चमक थांबली. ताण आता नेमका मांडीच्या वरच्या भागात जाणवतो. माझा उरलेला प्रश्न पॅडचा आहे. खरा फरक 3 मिलिमीटरांचा असताना 1 सेंटिमीटरचे पॅड एकदम काढावे की हळूहळू?

सांधेजोड

आपण ते पुष्कळ दिवस वापरले असेल, तर एकदम काढू नका. ते थरांचे असेल, तर आधी निम्मे थर काढा, एक-दोन आठवडे त्यावर चाला आणि मग उरलेले काढा. थरांचे नसेल, तर निम्म्या जाडीचे घ्या. या काळात घरात अनवाणी आणि बाहेर पॅडसह, असे चालत असाल, तर शरीराला दिवसातून अनेकदा दोन वेगळ्या उंचींशी जुळवून घ्यावे लागते, हेही लक्षात घ्या. घरातही तेच पॅड घातलेली पादत्राणे वापरा. पॅड पूर्ण निघाल्यावर कुशीतली कळ थांबली, पण उभे राहिल्यावरची कंबरदुखी तशीच राहिली, तर पुन्हा पट्ट्यांची तपासणी करून घ्या आणि त्या वेळी कमरेच्या उजव्या स्नायूबरोबर डाव्या खुब्याची आत वळण्याची हालचालही मोजायला सांगा.